चीक न वापरता झटपट खरवस, पाणी सुटतंय, मदत हवी आहे

चीक मिळत नाहीये त्यामुळे कंडेन्स्ड मिल्कवाला खरवस करतेय. प्रमाण नेहमीचंच, कंडेन्स्ड मिल्क, फुल फॅट दूध आणि दही तिन्ही समान, वेलची जायफळ, आणि कुकरमध्ये शिट्टी काढून २५ मिनिटं वाफवते. कडा मस्त सेट होतात पण मधे गदगदीत राहतं आणि वर पाणी साचतं, अजून वाफवलं तर जाळी पडून रवाळ होतं. डब्यावर झाकण आहे, म्हणजे वाफेचं पाणी आत पडत नसावं, आणि पूर्ण गार करून फ्रीजमध्ये ठेवूनच कापते.

दह्याऐवजी चक्का घालून बघितला, पाणी कमी झालं पण जरा आंबट लागला. कॉर्नफ्लोअरने वड्या छान पडल्या पण मग तो खरवस कसला, पुडिंगच ते! चायना ग्रास आणि अंडं नकोय, ओव्हन नाहीये.

तर दुधाचं प्रमाण कमी करून मिल्क पावडर घालू का, घातली तर एका वाटी दुधाला किती? आणि गॅस मोठा ठेवायचा की अगदी बारीक?