मदत हवी आहे: जपानी हसण्याचे शब्द कुठे, कसे वापरायचे?

जपानी येणाऱ्या मंडळींनो, जरा मदत करा. गेरागेरा म्हणजे खदाखदा, कुसुकुसु म्हणजे तोंड दाबून खुदुखुदु, इथवर ठीक. निकोनिकोत आवाज नाहीच, नुसता हसरा चेहरा. म्हणून 'निकोनिको शितेइरु' (निकोनिको करतोय) म्हणतात, हेही कळलं. घोडं अडतंय नियानियापाशी. ते कुत्सित किंवा मनातल्या मनात खूश होऊन केलेलं हसू ना? मग मित्राला गमतीत 'काय नियानिया करतोयस' म्हटलेलं चालतं, की त्याला लागेल?

दुसरं, चॅटवर हसू दाखवायला 'वाराऊ'वरून (म्हणजे हसणे) आलेला डब्ल्यू (w). त्याची रांग (wwww) गवतासारखी दिसते म्हणून हसण्यालाच 'कुसा', म्हणजे गवत! भारीच. पण वयाने मोठ्या जपानी सहकाऱ्याला पाठवला तर आगाऊपणा वाटेल का? तिथे राहिलेल्यांनी सांगा, पुस्तकी उत्तर नको.