शब्दचर्चा: विका, पेगन, विच, कोव्हन यांना मराठीत काय म्हणायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, विषय विका (देवी आणि निसर्ग मानणारा इंग्लंडातला एक धर्म) आणि एकूणच पेगन श्रद्धा. मी यात अगदी नवखी, इन्स्टावरच्या टॅरो आणि क्रिस्टलवाल्या रील्सपासून सुरुवात झाली, मग कुतूहल वाढलं आणि वाचत सुटले, आता माहिती ढीगभर जमलीय पण लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत गाडी अडते. "विका म्हणजे चेटकिणींचा धर्म" असं लिहिलं तर लोक पान उलटतील नाहीतर भलतंच काहीतरी समजतील. जादूटोणा लिहावं तर त्याहून वाईट. पेगनला डिक्शनरीत मूर्तिपूजक, पाखंडी असं दिलंय, म्हणजे त्या हिशोबाने माझी आजीपण पेगन! तर विच, पेगन, कोव्हन (विचांचा छोटा गट), स्पेल, रिच्युअल यांना चालतील असे शब्द सुचवा प्लीज.

वाकडी_वेलांटी
सगळ्यात आधी ते "विका" बदल. "विका: एक ओळख" असं शीर्षक छापलंस तर लोकांना वाटेल काहीतरी विकायला काढलंय. क ला क जोड, विक्का. उच्चारात फार फरक पडत नाही आणि इंग्रजी स्पेलिंगमध्येही दोन सी आहेतच.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत हाच शब्द विच्चा असा म्हणायचे, च ने. विच्चा म्हणजे जादू करणारा पुरुष, विच्चे म्हणजे बाई. आजचा विच त्यातूनच आला. जेराल्ड गार्डनरने १९५४ च्या पुस्तकात विक्का हा शब्द वापरला तेव्हा एकाच सी ने लिहिला होता, आणि तोही धर्माचं नाव म्हणून नाही, ती माणसं या अर्थाने. दोन सी आणि धर्माचं नाव हे नंतर रूढ झालं.

रानजाई
हाहा विकायला काढलंय 😂 ठीक, विक्का. गार्डनरबद्दल वाचलंय पण तो नक्की कोण हे दोन ओळीत कुणी सांगेल का, प्रत्येक ठिकाणी वेगळंच रंगवलेलं असतं.

वाकडी_वेलांटी
इंग्रज माणूस, जन्म १८८४. उमेदीची वर्षं सगळी आशियात काढली, आधी सिलोनला मळ्यावर, मग बोर्निओ, मग मलायात, तिथे शेवटी कस्टममध्ये सरकारी नोकरी. १९३६ ला रिटायर होऊन इंग्लंडला परत. मलायात असताना त्याला शस्त्रांचा नाद लागला होता, ती वाकड्यातिकड्या पात्याची क्रिस असते ना, तिच्यावर त्याने पुस्तकच लिहिलंय. हे सांगायचं कारण म्हणजे विक्कामध्ये काळ्या मुठीची एक सुरी असते, अथॅमे, तिने काही कापायचं नसतं, फक्त दिशा दाखवायला आणि रिंगण आखायला. सुऱ्यांच्या शौकिनाने घडवलेल्या विधीत सुरीला एवढा मान मिळावा यात मला तरी नवल वाटत नाही.

त्याचं म्हणणं असं की १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या कोव्हनने त्याला दीक्षा दिली. इंग्लंडमध्ये १७३५ चा विचक्राफ्टचा कायदा १९५१ ला रद्द झाला, त्यानंतर तो उघडपणे बोलायला लागला.

रानजाई
म्हणजे "ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे टिकलेला प्राचीन धर्म" असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते?

वाकडी_वेलांटी
ते मार्गारेट मरे या बाईंकडून आलंय. इजिप्तच्या अभ्यासक होत्या, १९२१ मध्ये त्यांनी मांडलं की युरोपात ज्यांना विच म्हणून मारलं ते खरंतर एका जुन्या धर्माचे लोक होते. गार्डनरच्या पुस्तकाला प्रस्तावना पण त्यांचीच. इतिहासकारांनी हा सिद्धांत केव्हाच मोडीत काढलाय. रोनाल्ड हटन म्हणून ब्रिस्टलचे प्राध्यापक आहेत, त्यांनी विक्काचे धागेदोरे नीट उकलून दाखवलेत, थोडं फ्रीमेसन या गुप्त विधी करणाऱ्या बंधुमंडळाचं, थोडं विधीजादूवाल्या मंडळ्यांचं, थोडं लोककथांचं. तू विसाव्या शतकातला नवा धर्म असंच लिही. नवा म्हणजे खोटा असं थोडंच आहे.

लीड्सची_माई
मी इथे यूकेत असते, ऑफिसात एक मैत्रीण विक्कन आहे. तिला मी हे विचारलं होतं, ती म्हणाली आमच्यातले बरेच जण आता हे मानतात, जुनेपणाचा हट्ट कमी झालाय. ती स्वतःला कधी विच म्हणते, कधी पेगन म्हणते, समोर कोण आहे बघून.

रानजाई, तुझ्या लेखात पेगन आणि विक्का एकच करू नकोस. वारकरी सगळे हिंदू, पण सगळे हिंदू वारकरी नव्हेत, तसं आहे ते. पेगन ही मोठी छत्री, तिच्याखाली विक्का, ड्रुइड (जुन्या केल्टिक पुरोहितांचं नाव लावणारे), नॉर्स देव मानणारे हीदन, आणि कशातच न बसणारे खूप. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी धर्म म्हणून पेगन लिहिलं आणि विक्का लिहिणारे सुमारे १३,०००.

मांडवीकाठ
पेगनबद्दल मी लिहितो, हा आम्हा गोंयकारांच्या जिव्हाळ्याचा विषय 🙂

लॅटिनमध्ये पागुस म्हणजे गावाकडचा मुलूख, त्यातला तो पागानुस. म्हणजे सरळ मराठीत गावंढळ. ख्रिस्ती धर्म आधी शहरांत पसरला, खेड्यातली माणसं जुन्याच देवांना धरून राहिली म्हणून गावंढळचा अर्थ अख्रिस्ती झाला असं एक मत. दुसरं मत असं की सैनिक नसलेल्या साध्या नागरिकालाही पागानुस म्हणायचे, आणि ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे सैनिक समजायचे, म्हणून बाकीचे सगळे पागानुस. काहीही धरा, शब्द जन्मला तोच दुसऱ्याला हिणवायला.

आमच्याकडे पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदूंना जेंतियु, म्हणजे अख्रिस्ती, म्हटलेलं सापडतं. त्याचंच इंग्रजांनी जेंटू केलं, आणि १७७६ ला हॅलहेड या इंग्रजाने हिंदू कायद्याचं भाषांतर छापलं ते जेंटू लॉज याच नावाने. म्हणजे रानजाईची आजी पेगन हा विनोद नाही, आपल्या पूर्वजांना सरकारी कागदावर अडीच-तीनशे वर्षं हेच म्हणत होते. मराठी बायबलात ज्यूंखेरीज इतरांना परराष्ट्रीय म्हटलंय, तो शब्द इथे कामाचा नाही. मूर्तिपूजक पण नको, कारण कितीतरी पेगन मूर्ती ठेवतच नाहीत. निसर्गपूजक बरा आहे पण अपुरा पडतो. माझं मत, पेगन असाच ठेव आणि एकदा कंसात गावंढळची गोष्ट सांग.

भगवा_घोडेस्वार
एवढा काथ्याकूट कशाला? देवी मानतात, निसर्ग मानतात, अग्नी मानतात, म्हणजे हिंदूच की. लिहून टाका पाश्चात्य हिंदू.

लीड्सची_माई
नको हो दादा, असं म्हटलेलं त्यांनाही आवडत नाही. विक्कात साधारण एक देवी आणि एक शिंगवाला देव, पुनर्जन्म बरेच जण मानतात हे खरं, पण विधी, दीक्षा, सण सगळं वेगळं. शिंगवाला देव म्हटला की इथले चर्चवाले सैतान म्हणतात, आपण हिंदू म्हणायचं, त्यांनी स्वतः काय म्हणायचं हे कुणी विचारायचंच नाही का?

वाकडी_वेलांटी
घोडेस्वारांच्या बोलण्यात एक धागा मात्र खरा आहे, भारताकडून गेलेले एकदोन शब्द त्यांच्यात आहेत. गार्डनरच्या पंथात विधी अंगावर कपडे न घालता करायचे, त्याला ते स्कायक्लॅड म्हणतात, आकाश पांघरलेला. आठवलं काही? दिगंबर! आपल्याच शब्दाचं ते शब्दशः भाषांतर असावं असं मानलं जातं, आणि गार्डनर इतकी वर्षं पूर्वेकडे राहिलेला त्यामुळे पटतंही. तेव्हा मराठीत आकाशवस्त्रा वगैरे नवीन घडवू नकोस, दिगंबर तयार आहे. फक्त आजकालचे बहुतेक लोक झगे नाहीतर साधे कपडे घालूनच करतात हे लिही, नाहीतर वाचकाला तेवढंच लक्षात राहील.

दुसरं, त्यांची विधींची वही असते, बुक ऑफ शॅडोज. प्रत्येकाने हाताने उतरवून घ्यायची. डोरीन व्हॅलिएंट ही गार्डनरची शिष्या, १९५३ ला दीक्षा घेतली आणि त्याच्या विधींचा बराच मजकूर पुन्हा लिहून चांगला केला. तिने सांगून ठेवलंय की हे नाव गार्डनरला १९४९ च्या एका मासिकातून मिळालं असणार, त्यात माणसाच्या सावलीची लांबी मोजून भविष्य सांगायच्या एका संस्कृत पोथीवर लेख होता, आणि समोरच्याच पानावर गार्डनरच्या कादंबरीची जाहिरात. म्हणजे छायापोथी म्हटलंस तर मूळ घरी परत येईल.

रानजाई
अरे काय भारी आहे हे!! छायापोथी घेतलाच. आता चेटकीण सोडवा ना कुणीतरी.

सातपुड्याचा_मास्तर
यावर मला बोलायचंय. मी नंदुरबारकडे डोंगरात शिकवतो. आमच्याकडे चेटकीण म्हणत नाहीत, डाकीण म्हणतात. पोर तापाने गेलं, बैल मेला, पीक बसलं, की कुणीतरी भगताकडं जातो आणि तो एका बाईचं नाव घेतो. बहुतेक वेळा एकटी, विधवा, नावावर तुकडाभर शेत असलेली. मग मारहाण, गावातून हाकलणं, आणि शेत कुणाच्या घशात जातं ते पुढच्या पावसाळ्यात कळतं. एखादीवर करणी-चेटकाचा आळ घेऊन तिला छळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण त्या बाईने पोलीस पाटलाच्या दारापर्यंत पोचायला तर पाहिजे.

तर मुद्दा असा की आमच्याकडे कुठलीही बाई "मी डाकीण आहे" असं आपणहून म्हणत नाही. तो शब्द दुसऱ्यानेच चिकटवलेला. तुमच्या लीड्सच्या बाईंची मैत्रीण आपणहून मी विच आहे म्हणते आणि नोकरीला जाते. हे दोन्ही मराठीत एकाच शब्दाने लिहायचं म्हणजे मला काही बरं वाटत नाही.

मांडवीकाठ
मास्तर, पटलं. पण तिकडेही तो शब्द आधी चिकटवलेलाच होता ना. युरोपात साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात ४० ते ६० हजार लोक विच म्हणून मारले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे (नव्वद लाख हा आकडा फिरतो तो खोटा), त्यातल्या जवळपास कुणीच स्वतःला विच म्हणवलं नव्हतं. कायदा गेल्यावर, भीती गेल्यावर मग लोकांनी ती शिवी उचलून नाव म्हणून लावली.

लीड्सची_माई
आणि भारतातही एक उदाहरण आहे की, कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती. त्यांनी १९८० च्या दशकात जाहीरपणे स्वतःला विच म्हटलं, आणि खेड्यात डायन ठरवलेल्या बायकांच्या बाजूनेही बोलत आल्या. पण त्या शिकलेल्या, मोठ्या घरातल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या. विच म्हणाल्या, डायन नाही म्हणाल्या हेही बघा.

रानजाई
मास्तर, तुमचा मुद्दा लेखात घेऊ का, नाव न देता? विच हा शब्द तसाच ठेवते आणि चेटकीण, डाकीण हे फक्त आपल्याकडच्या छळाबद्दल लिहिताना.

सातपुड्याचा_मास्तर
खुशाल घ्या ताई. भगताचंही लिहा, सगळेच भगत तसले नसतात, झाडपाल्याचं औषध देणारेही असतात.

मुदपाकखाना
मी उरलेले शब्द उरकते. स्पेलला मंत्र म्हणू नका, मंत्र म्हणजे नुसते शब्द. मेणबत्ती पेटवायची, दोरीला गाठी मारायच्या, कागदावर लिहून जाळायचं, वर काहीतरी म्हणायचं, ह्याला आपल्याकडे शंभर नंबरी शब्द आहे, तोडगा. माझी मावशी दृष्ट काढायची, पोरगं रडायचं थांबावं म्हणून, तिला कुणी जादूगार म्हणलं असतं तर लाटणं घेऊन धावली असती. सर्कल म्हणजे रिंगण, वेलांटीने वर वापरलाच आहे. ऑल्टरला वेदी नको, फार यज्ञाचं वाटतं, टेबलावर पेला, सुरी, मीठ, पाणी, मेणबत्ती मांडतात तर मांडणी म्हणा. कोव्हनला मंडळ म्हटलं की गणपती आठवतो, आखाडा म्हटलं की पैलवान, त्यापेक्षा कोव्हनच बरं, पारंपरिक कोव्हन तेरा जणांपर्यंतचं एवढं सांगा. आणि आता तर एकट्याने करणारेच जास्त.

रानजाई
तोडगा!! हे मला का सुचलं नाही. आणि त्यांचा तो नियम, कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर, तो असाच लिहू?

मुदपाकखाना
"कुणाचं वाईट होत नसेल तर मनाला येईल ते कर". इजा म्हणलं की फक्त हातपाय मोडलेले वाटतात. दुसरा नियम, जे पाठवाल ते तिप्पट होऊन परत येतं, त्याला तिप्पट फेड. सगळे विक्कन तो मानत नाहीत पण.

यारा_नदी
मेलबर्नहून. सणांचं कुणी बोललंच नाही. वर्षाचे आठ सण असतात, त्यातला ३१ ऑक्टोबरचा तो समहेन नाही, साविन म्हणायचं, आयरिश शब्द आहे, स्पेलिंगवर जाऊ नकोस. आणि त्यातली ओस्तारा, लिथा, मेबन ही नावं १९७० च्या दशकात एडन केली नावाच्या अमेरिकन माणसाने लावलेली, तेव्हा "हजारो वर्षांचे आठ सण" लिहू नकोस. मेबन तर वेल्श गोष्टीतल्या एका पोराचं नाव, सणाशी काही संबंध नाही.

रानजाई
ओके. पहिला परिच्छेद असा केलाय, बघा: "विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेला प्राचीन पेगन धर्म. त्याचे अनुयायी स्वतःला विक्कन किंवा विच म्हणवतात. देवी आणि शिंगवाला देव यांची ते पूजा करतात, रिंगण आखून विधी करतात, तोडगे करतात आणि ऋतूंप्रमाणे आठ सण पाळतात. साविन हा त्यांचा मोठा सण ३१ ऑक्टोबरला येतो."

वाकडी_वेलांटी
विसाव्या शतकात आणि प्राचीन, दोन्ही एकाच वाक्यात! प्राचीन उडव. बाकी झकास.

यारा_नदी
आणि "उत्तर गोलार्धात" घाल. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत, इथले पेगन साविन एप्रिलअखेर नाहीतर १ मेला करतात, आणि ३१ ऑक्टोबरला त्यांचं बेल्टेन, उन्हाळ्याच्या स्वागताचा सण, असतं.