विकास-साहाय्य आणि स्थलांतर-नियंत्रण यांची सांगड कितपत योग्य?

उंबरठा यांचा प्रश्न:
आमच्या अभ्यासगटासाठी टिपण लिहिताना एका मुद्द्यावर अडलो आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये माल्टातील व्हॅलेटा येथे युरोपीय आणि आफ्रिकी नेत्यांची परिषद झाली व त्या वेळी युरोपीय संघाने आफ्रिकेसाठी आपत्कालीन निधी उभारला. 180 कोटी युरोंपासून सुरू झालेला हा निधी पुढे 500 कोटींच्या घरात गेला. ‘अनियमित स्थलांतराच्या मूळ कारणांवर उपाय’ हा त्याचा घोषित हेतू होता. मात्र शेती आणि रोजगाराच्या प्रकल्पांबरोबरच सीमेवरील पोलिसांचे प्रशिक्षण व साधनसामग्री यांवरही त्यातून खर्च झाला. याला विकास-साहाय्य म्हणावे की पहारेकऱ्याचा पगार? आणि अशी सांगड साहाय्य देणाऱ्या देशांच्या कायद्यात असते, की दर वेळी वाटाघाटीत ठरते?

वाळूघड्याळ:
आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो: दोन्ही प्रकार आढळतात. स्वित्झर्लंडच्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात इतर देशांशी ‘स्थलांतर भागीदारी’, म्हणजे स्थलांतर आणि सहकार्य यांचा एकत्रित करार, करण्याची तरतूद आहे. युरोपीय संघाने 2020 पासून व्हिसाच्या नियमांतच दट्ट्या ठेवला आहे. जो देश आपले नागरिक परत घेण्यात टाळाटाळ करतो, त्याच्या नागरिकांना व्हिसा मिळणे अवघड केले जाते आणि 2021 मध्ये गांबियाला त्याचा फटका बसला.

तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी मात्र पश्चिम आफ्रिकेतून लिबियामार्गे युरोपकडे जाणाऱ्या वाटेवरचे, नायजरमधील अगादेझ हे वाळवंटी शहर पाहावे. तेथून दर सोमवारी लष्करी ताफ्याच्या सोबतीने टोयोटा पिकअप लिबियाच्या दिशेने सुटत. मागच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसे काठावर पाय बाहेर सोडून बसत, पडू नये म्हणून सामानात खोचलेली काठी धरून ठेवत आणि बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेले पाण्याचे कॅन लटकत असत. हा धंदा चोरीछुपे चालत नव्हता. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायात 1979 पासून मुक्त संचाराचा करार असल्याने सेनेगलचा किंवा नायजेरियाचा माणूस अगादेझपर्यंत कायदेशीरपणेच येत असे, आणि त्याच्या जेवणाखाण्यावर, मुक्कामावर व गाडीभाड्यावर शहरातील असंख्य कुटुंबे जगत होती.

मे 2015 मध्ये नायजरने मानवी तस्करीविरोधी कायदा केला आणि 2016 पासून युरोपच्या पाठबळाने त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. चालक तुरुंगात गेले, गाड्या जप्त झाल्या. धंदा सोडणाऱ्यांना दुसरा व्यवसाय उभारून देण्याचे आश्वासन होते, परंतु अर्जदारांपैकी फार थोड्यांच्याच पदरात काही पडले. जे वाहतूक करीत राहिले, त्यांनी गस्त चुकवण्यासाठी विहिरींपासून दूरच्या वाटा धरल्या. वाळवंटात गाडी बंद पडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. युरोपच्या दृष्टीने योजना यशस्वी होती, कारण उत्तरेकडे जाणाऱ्यांची नोंद घटली होती. माझा आक्षेप याच मापावर आहे: पैसा विकासाच्या खात्यातला आणि हिशेब मात्र देणाऱ्याच्या सीमेवरचा.

ताळेबंद:
वरील मुद्द्याला पुरवणी जोडतो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या नियमांनुसार, देणाऱ्या देशाने स्वतःच्याच भूमीवर निर्वासितांसाठी पहिल्या बारा महिन्यांत केलेला ठरावीक खर्चही अधिकृत विकास-साहाय्य म्हणून दाखवता येतो. ब्रिटनने 2022 मध्ये आपल्या एकूण साहाय्यापैकी सुमारे 29 टक्के रक्कम अशी देशातच खर्च केली. निर्वासितांना आसरा मिळायलाच हवा. पण लंडनमधील हॉटेलचे बिल आफ्रिकेच्या विकासाच्या खात्यात का मांडावे?

सड्यावरचा:
‘गरिबी हटली की लोक घर सोडणार नाहीत’ हे या धोरणामागील गृहीतक मला पटत नाही. आमच्या रत्नागिरीकडून आखातात प्रथम गेले ते गावातले सर्वांत गरीब नव्हते. पासपोर्ट, एजंटाचे पैसे आणि मुंबईत चार दिवस राहण्याची सोय ज्यांना जमली, ते गेले. अत्यंत गरीब देशात उत्पन्न वाढू लागले की बाहेर जाणारे सुरुवातीला वाढतात, असे अनेक अर्थतज्ज्ञही मांडतात, जरी त्याबद्दल मतभेद आहेत. भारताशी होणारे सौदे वेगळे आहेत, कारण आपल्यापुढे साहाय्य रोखण्याचा धाक चालत नाही. ब्रिटनबरोबरच्या 2021 च्या करारात तरुण व्यावसायिकांसाठी दरवर्षी 3000 जागांची योजना आणि बेकायदा राहणाऱ्यांची परतपाठवणी एकाच कागदावर आली.

उंबरठा:
आभारी आहे. नायजरच्या त्या कायद्याचे सत्तांतरानंतर काय झाले?

वाळूघड्याळ:
जुलै 2023 मध्ये लष्कराने सत्ता घेतली, युरोपीय संघाने अर्थसाहाय्य थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये लष्करी राजवटीने तो कायदाच रद्द केला. त्यानंतर अगादेझहून पिकअप पुन्हा उघडपणे सुटू लागल्या.