नाव लिहिणारा हार्सोनो की बाण झेलणारी होडी?

चाफेकळी
परदेशात वसलेल्या चिनी लोकांच्या ओळखीवरची मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) म्हटलं की चर्चा त्साय ग्वो-च्यांग आणि ह्वांग योंग पिंग या चीनमधून बाहेर पडलेल्या दोन कलावंतांपाशीच घुटमळते. माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम इंडोनेशियाच्या एफ. एक्स. हार्सोनोचं आहे. जन्म १९४९ चा, पूर्व जावातल्या ब्लिटारचा. मूळ नाव ओह होंग बुन. चिनी वंशाच्या नागरिकांनी इंडोनेशियन नावं घ्यावीत म्हणून १९६६ पासून सरकारी रेटा सुरू झाला आणि तो हार्सोनो झाला. १९६७ च्या आदेशाने चिनी सण आणि विधी चारचौघांत करायला बंदी आली. ती उठली थेट २००० साली, अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष असताना.

त्याचा २०११ चा 'रायटिंग इन द रेन' हा व्हिडिओ जमेल तिथे बघा. काचेवर तो कुंचल्याने आपलं चिनी नाव लिहितो. तीन अक्षरं, पुन्हा पुन्हा तीच. मग वरून पाणी कोसळतं, शाई ओघळून जाते, तरी याचा हात थांबत नाही. माणसाकडून काय काढून घेतलं गेलं हे मला इतकं थेट कुठेच भिडलेलं नाही.

कोरा कॅनव्हास
साफ असहमत. ओळख म्हणजे फक्त जखम, हे मला मान्य नाही. त्सायची १९९८ ची होडी घ्या. त्याच्या च्वानचौ गावाकडच्या जुन्या मासेमारी होडीचा सांगाडा छताला टांगलाय, त्यात सुमारे ३००० बाण रुतलेत आणि मागे पंख्याच्या वाऱ्यावर चिनी झेंडा फडफडतोय. आधार चूग ल्यांग या प्राचीन चिनी मुत्सद्द्याच्या जुन्या गोष्टीचा: बाण कमी पडले म्हणून त्याने गवताने भरलेल्या होड्या धुक्यात शत्रूसमोर नेल्या आणि शत्रूचेच बाण गोळा करून आणले. न्यूयॉर्कमध्ये राहणारा चिनी माणूस इथे सांगतोय की तुमचा मारा हाच माझा शस्त्रसाठा. यात रडगाणं नाही. ह्वांगही १९८९ मध्ये पॅरिसला स्थायिक झाला आणि १९९९ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे जिथे देशोदेशीची दालनं असतात त्या कलाप्रदर्शनात, चक्क फ्रान्सच्या दालनात त्याचं काम लागलं. स्थलांतरिताला अशी ऐटही असू शकते.

चाफेकळी
होडी देखणी आहे, वाद नाही. मला खटकतो तो झेंडा. पिढ्यान् पिढ्या जावात राहिलेल्या लोकांना 'तुमची निष्ठा बीजिंगशी' असं म्हणूनच छळलं गेलं. त्सायचा जन्म आणि शिक्षण चीनमधलं, त्याला तो झेंडा परवडतो. हार्सोनोला नाही. त्याचे वडील फोटोग्राफर. १९४० च्या दशकाच्या शेवटी ब्लिटार भागात मारल्या गेलेल्या चिनी लोकांचे सांगाडे पुढे उकरून काढले, तेव्हाचे फोटो त्यांनी काढले होते. हार्सोनो आता सामुदायिक कबरींवर कापड पसरून त्यावर नावांचे ठसे घासून घेतो. ही माणसं इंडोनेशियाच्या मातीत पुरली आहेत. त्यांची ओळख सांगायला चीन मधे आणायची गरजच काय?

कोरा कॅनव्हास
मग त्याचं १९७७ चं काम आठवा. पिस्तुलाच्या आकाराच्या गुलाबी कुरकुरीत पापड्यांचा ढीग, शेजारी टेबल आणि वही. प्रश्न एवढाच, की ही पिस्तुलं खरी असती तर तुम्ही काय केलं असतं? लष्करी राजवटीत प्रेक्षकांनी आपापल्या हाताने त्या वहीत उत्तरं लिहायची! तो हार्सोनो सगळ्या इंडोनेशियाचा होता. स्वतःच्या नावाकडे वळून त्याने आपला पट आखडता घेतला, असं मला मनापासून वाटतं.

गिरगावकर
पट त्याने आखडला नाही, मे १९९८ च्या दंगलींनी आखडला. ज्या गोरगरिबांची बाजू त्याने वर्षानुवर्षं मांडली, त्यांच्यातल्याच जमावांनी जाकार्तात चिनी दुकानं जाळली, बायकांवर अत्याचार झाले. (दंगलीचा सगळा दोष गर्दीवर टाकू नये. सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन पथकाने लष्करातल्या लोकांच्या सहभागाकडे बोट दाखवलं होतं.) त्यानंतर 'मी कोण' हे विचारल्याशिवाय 'आपण कोण' विचारता येतं का?

आणि आपल्याकडे बघा. १९६२ च्या युद्धानंतर जवळपास ३००० भारतीय चिनी लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं होतं. माझगावात नवाब टँक रोडवर आजही चिनी देऊळ आहे, पण ते फोटो काढायची जागा म्हणून ठाऊक असतं. देवलीवर मुंबईच्या एखाद्या मोठ्या कलादालनात मांडणी व्हायलाच हवी, आणि ती हार्सोनोच्या वाटेने जाणारी हवी.

कोरा कॅनव्हास
देवलीवर व्हावी, शंभर टक्के. पण तिथे नुसती डांबलेल्यांची नावं लावली तर बघणारा हळहळेल आणि घरी जाईल. तिथेही टेबल आणि वही ठेवा. शेजारच्या घरातली माणसं पोलीस घेऊन जात होते तेव्हा तुम्ही काय केलं असतं, ते भारतीय प्रेक्षकाला स्वतःच्या अक्षरात लिहू द्या.

चाफेकळी
वही ठेवा, माझी ना नाही. पण पहिलं पान देवलीत राहून आलेल्यांना द्या. आपण काय केलं असतं हे नंतर. आधी त्यांचं काय झालं ते त्यांना सांगू द्या.