विहिरीचे पाणी किती दिवस पुरेल? ठोकताळा कसा बांधावा?

प्रश्न (औसा तालुका, लातूर)
आमच्या ६० घरांच्या वस्तीला एकच सार्वजनिक विहीर आहे. तिचा व्यास २० फूट असून आज पाणी १५ फूट आहे. टँकरची मागणी केव्हा करावी यावरून वाद चालू आहे. कोणी आठ दिवस म्हणतो, तर कोणी मृगापर्यंत चिंता नाही म्हणतो. हिशेबाने काही सांगता येईल का?

उत्तर १ (नांदेड)
तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस फूट आणि एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी, म्हणजे आजचा साठा १ लाख ३३ हजार लिटर झाला. घरटी ५ माणसे आणि माणशी ४० लिटर धरले तर १२ हजार, शिवाय ८० मोठ्या जनावरांना प्रत्येकी ५० लिटरप्रमाणे ४ हजार, असा रोजचा उपसा १६ हजार लिटर होतो. झरे अगदीच आटले असतील तर आठ दिवस. परंतु दिवसाकाठी पाणी दोन फूट चढत असेल, तर ती आवक १७ हजारांवर जाते आणि विहीर आटतच नाही. तेव्हा तुमच्या वस्तीवरची दोन्ही माणसे आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि माणशी ४० लिटर की ४५ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आवक तेवढी मोजा. रात्री उपसा थांबल्यावर कठड्यावरून दोरी सोडून खूण करा, पहाटे पुन्हा पाहा.

उत्तर २ (परभणी)
भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १६ जुलै १९४५ च्या अमेरिकेतील पहिल्या अणुचाचणीत कागदाचे कपटे सोडून, ते किती सरकले यावरून स्फोटाचा जोर १० हजार टन टीएनटी (एक स्फोटक) इतका सांगितला होता. प्रत्यक्षात तो सुमारे दुप्पट निघाला. तिथे एवढी चूक खपली, टँकरच्या बाबतीत ती खपणार नाही. आपल्याकडेही नजरअंदाज पैसेवारीवर (शेत नुसते पाहून बांधलेल्या पिकाच्या अंदाजावर) न थांबता पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरावीक तुकड्यातले पीक कापून वजन, करतातच. आणखी एक, तळाचे दोन फूट पाणी गाळाचे असते, ते साठ्यातून वजा करा.

प्रश्नकर्ता
काल रात्री ८ तासांत पाणी अडीच इंच चढले. म्हणजे दिवसाची आवक साडेपाच हजार लिटर, निव्वळ घट साडेदहा हजार. गाळाचे १८ हजार वजा जाता ११ दिवस निघतात. जनावरांचा आकडा मात्र अंदाजाचाच आहे, आणि ऊन वाढले की झरे मंदावतील, म्हणून आठच दिवस धरून उद्या ग्रामपंचायतीत अर्ज देत आहे.