गाविलगड ते नरनाळा: तंबू कोठे ठोकावेत?

विदर्भातील गाविलगड किल्ल्यापासून नरनाळा किल्ल्यापर्यंत चार दिवस पायी जाऊन वाटेत तंबूत मुक्काम करण्याचा एक बेत सुचवला गेला आहे, पण त्यात एक मोठी अडचण आहे. मधला डोंगरपट्टा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा असल्याने तेथे वन विभागाच्या परवानगीवाचून पायी फिरणे किंवा रात्र काढणे शक्य नाही. म्हणून गाविलगडाजवळचे चिखलदरा आणि नरनाळ्याच्या पायथ्याचे शहानूर येथे मुक्काम ठेवून, स्थानिक वाटाड्यासह दोन्ही किल्ल्यांची तटबंदी दिवसा पाहावी, असे मला वाटते.

गाविलगडाला घाई करू नये. डिसेंबर 1803 मध्ये मराठ्यांशी लढणाऱ्या आर्थर वेलस्ली या ब्रिटिश सेनापतीच्या फौजेने उत्तरेकडील बाहेरचा तट तोफांनी फोडला. परंतु आत शिरल्यावर दुसरी तटबंदी आडवी आली आणि ती शिड्या लावून चढावी लागली. हा दुहेरी बचाव उत्तरेकडूनच नीट उमगतो. बहुतेक पर्यटक मात्र दरवाजापाशी छायाचित्रे काढून परततात. नरनाळ्याला, इतर काही पाहणे जमले नाही तरी, 1487 च्या शिलालेखाचा महाकाली दरवाजा चुकवू नये.

पावसाळ्यानंतर तटावर गवत माजते व ढासळलेले दगड दिसत नाहीत, त्यामुळे डिसेंबरनंतर निघणे बरे.