राव्नाचा मठ: शाळा होती की नुसती खरड?

दगडफोड्या:
बल्गेरियात प्रोव्हादियाजवळ राव्ना गावात ९व्या शतकातला मठ आहे, १९७८ पासून काझिमिर पोपकोन्स्तांतिनोव्ह यांनी खणला. दगडांवर ३०० च्या वर लेख, ग्रीक, ग्लागोलिती (स्लाव्ह लोकांची सगळ्यात जुनी लिपी), सिरिलिक, लॅटिन, ख्रिस्ती होण्याआधीच्या जुन्या बल्गारांच्या रुन्सपण (त्यांची कोरीव अक्षरं), वर घोडे, स्वार, जनावरं यांची चित्रं. झालं, लगेच सगळे म्हणायला लागले की मोठं विद्यापीठ होतं. मला नाही पटत. बाकावर नाव कोरणारा पोरगा काय पंडित असतो का? कंटाळलेल्या भिक्षूंची खरड आहे ती.

शाईबहाद्दर:
अहो पण खरडायलाही अक्षर यावं लागतं की! ८६४ च्या सुमाराला बल्गेरियाचा राजा बोरिसने बाप्तिस्मा घेतला, ८८६ ला मेथोडियसचे (स्लाव्ह भाषेला लिपी देणाऱ्या दोघा भावांपैकी एक) शिष्य मोरावियातून (आजच्या चेकियाकडचा भाग) हाकलले जाऊन बल्गेरियात आले आणि राव्नाच्या चर्चची प्रतिष्ठापना २३ एप्रिल ८८९ ची, तसा कोरीव लेखच आहे. म्हणजे मधे जेमतेम ३ वर्षं. शिवाय मेणाच्या पाटीवर लिहायच्या टोकदार लेखण्या आणि पुस्तक मिटवून ठेवायच्या धातूच्या आकड्या सापडल्यात, त्यांचं काय करता? कंटाळा आला म्हणून कुणी पुस्तकाची आकडी घेऊन फिरत नाही.

दगडफोड्या:
तारीख चर्चची आहे हो, खरडीची नाही! एका दगडावर साल सापडलं म्हणून सगळ्या दगडांना चिकटवणार का? आणि लेखणीने हिशेबपण लिहितात. आकड्यांचं मान्य, तिथे पुस्तकं होती. पण पुस्तकं असणं वेगळं आणि शिकवणं वेगळं.

नुसतीच_वाचते:
तुम्ही दोघं शाळा शाळा करत बसा, मला तर रुन्सचंच नवल वाटतं. ८८९ लाच बोरिस गादी सोडून संन्यासी झाला, पोरगा व्लादिमीर-रासाते जुन्या देवांकडे वळला, मग ८९३ ला बापाने मठातून बाहेर येऊन त्याला पदच्युत केलं, आंधळं केलं. बाहेर हे असलं चाललेलं असताना मठाच्या दगडांवर क्रूस पण आणि जुनी अक्षरं पण. कुणाच्या हाताची असतील ती?

शाईबहाद्दर:
नवीन भिक्षू झालेल्या जुन्या बल्गाराच्या, मला तरी असंच वाटतं.

दगडफोड्या:
बरं, शाळा म्हणा फार तर, विद्यापीठ नको. पण घोडे काय अभ्यासक्रमात होते का?

शाईबहाद्दर:
घोडे वर्गात लक्ष नसलेल्या पोराने काढले. म्हणजे वर्ग होता की नाही? 😄